खाण्यापिण्याची बारात

‘ड्रिंक्स’ हा शब्द माझा नव्हे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. कारण पुढे जे काही झालं त्याचं खापर आमच्या वॉर्डात अजूनही माझ्याच डोक्यावर फोडलं जातं. तो शब्द श्रुतिकाचा. श्रुतिका माझ्या भावाची मुलगी. कान्हाच्या जंगलाजवळ एका लॉजवर ती पाहुण्यांचं स्वागत करते, त्यांच्या तक्रारी ऐकते आणि वाघ न दिसलेल्यांचं सांत्वन करते. हे वाघ न दिसलेले पाहुणे परत जाताना बालाघाटला येतात आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीपर्यंत हॉटेलच्या खोलीत भिंतीकडे बघत बसतात. त्यापेक्षा त्यांना आत्याच्या मोहल्ल्यात फिरवावं, चार ठिकाणचं चवीचं खायला-प्यायला घालावं, असं तिच्या डोक्यात आलं. मोठ्या शहरांत याला ‘फूड अँड ड्रिंक्स टूर’ म्हणतात आणि लोक त्यासाठी हौसेनं नाव नोंदवतात, म्हणे.

"आत्या, तुले फक्त बोलाचं आहे," ती फोनवर म्हणाली. "खाचं काम ते करतीन."

निवृत्त झाल्यापासून मला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. उलट अनुभव बराच होता. मी सरकारी शाळेत इतिहास शिकवत असे, आणि इतिहासाच्या शिक्षिकेला निवृत्तीनंतर ऐकणारं माणूस मिळणं ही फार अवघड गोष्ट आहे. मी लगेच हो म्हटलं. यांनाही विचारलं. हे म्हणजे नागसेन रामटेके, माझे यजमान, रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात गेली. त्याचा परिणाम असा, की कुठेही गेलो तरी हे सगळ्यांच्या मागे चालतात आणि पुढे काय चाललं आहे याची त्यांना फिकीर नसते. पुढचं इंजिनवाला बघून घेईल, असं त्यांचं मत. आमच्या घरात इंजिन कोण, हे वेगळं सांगायला नको. ते म्हणाले, "हौ." त्यांच्या दृष्टीनं विषय तिथेच संपला.

मी फिरण्याचा मार्ग आखला. विहार चौकात स्वागत आणि प्रास्ताविक. मग तुळसाबाईंचा आलुबोंडा. तुळसाबाई कोपऱ्यावर कढई लावतात आणि त्यांच्या बोंड्याला परसवाडा गावापर्यंत नाव आहे. मग हेमराजचं चहाचं दुकान. हेमराज थंडीत मोहफुलांचा उकाळा करतो, आलं-मिरी घालून. त्यात नशा अजिबात नाही, असं त्यानं दुकानावर लिहूनही ठेवलं आहे, आणि त्यामुळेच काही लोक तिकडे फिरकत नाहीत. शेवटी आमच्या घरी चिन्नोर या इथल्या सुवासिक तांदळाचा भात, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि कढी. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं खाणं आणि पंधरा मिनिटं इतिहास, असा माझा हिशेब होता.

मार्ग जाहीर झाला आणि वॉर्डात फूट पडली. ज्यांची घरं रस्त्यात होती पण मार्गात नव्हती, ते नाराज झाले. एकीनं सांगितलं, की तिच्या सासूच्या हातच्या करंज्या खाल्ल्याशिवाय कोणाला बालाघाट कळूच शकत नाही. औषधाच्या दुकानवाल्यानंही आपलं दुकान शेवटचा थांबा म्हणून धरावं अशी विनंती केली. इतकं खाल्ल्यावर लागेलच, हा त्याचा मुद्दा होता आणि तो मला खोडता आला नाही. मी सगळ्यांना नम्रपणे नकार दिला. नम्रपणे दिलेला नकार लोक जास्त दिवस लक्षात ठेवतात, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग मी ती चूक केली. श्रुतिकानं पाठवलेली जाहिरात जशीच्या तशी वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. ‘फूड अँड ड्रिंक्स टूर. रविवारी संध्याकाळी. विहार चौक. मार्गदर्शक: संघमित्रा रामटेके.’ पहिलाच प्रश्न आला, की मॅडम, बाटली घरून आणाची का तुम्ही देता. दुसऱ्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. आता सांगायला हवं, की आमच्या वॉर्डाच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष मी आहे. मी स्वतः पुढे उभी राहून घोषणा दिल्या आहेत. संध्याकाळी समितीच्या बायका माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी मीच सांगितलं, की ड्रिंक्स म्हणजे हेमराजचा चहा. त्यावर एकीनं अतिशय दुःखी आवाजात विचारलं, की मग चहाले चहा काहून नाही म्हटलं.

याच सुमाराला मोतीलाल आमच्याकडे आले. मोतीलाल आमचे शेजारी. तहसीलच्या कचेरीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट परवानगीशिवाय घडू शकते यावर त्यांचा विश्वास नाही. पाऊस पडला तरी तो कोणाच्या सहीनं पडला, असा त्यांचा चेहरा होतो. त्यांनी मला समजावलं, की बाहेरगावचे लोक, सार्वजनिक रस्ता, संध्याकाळची वेळ आणि वर ‘ड्रिंक्स’, अशा चार गोष्टी एकत्र आल्या की कागद पाहिजेच. कागद नसेल आणि काही झालं, तर श्रुतिकाच्या लॉजचं नाव येईल. हे ऐकून मात्र मी दचकले. श्रुतिकाच्या मॅनेजरनं तिला आधीच बजावलं होतं, की ही कल्पना तुझी आहे, गडबड झाली तर तीही तुझीच. पोरीला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं.

मी परवानगी काढायला गेले. कार्यालयाचं नाव सांगणार नाही, कारण तिथल्या लोकांनी माझं भलंच करायचा प्रयत्न केला. पहिल्या टेबलावर मी ‘ड्रिंक्स’ म्हटलं आणि त्यांनी मला आबकारीकडे, म्हणजे दारूच्या खात्याकडे, जायला सांगितलं. मी तो शब्द गिळला आणि ‘खाणं’ म्हटलं, तर त्यांनी अन्नाच्या विभागाकडे बोट दाखवलं. मग मी ‘चालणं’ एवढंच म्हटलं. तेव्हा त्यांनी मला आतल्या टेबलावर पाठवलं.

आतल्या टेबलावरचा बाबू माझा विद्यार्थी निघाला. इतिहासात तो काठावर पास झाला होता, पण त्यानं उठून पाय धरले. सगळं ऐकून घेतलं आणि संगणकाकडे बघत विचारात पडला. लोक रस्त्यानं चालणार असतील तर संगणकात पाचच प्रकार होते. जुलूस, धरना, भंडारा, शोभायात्रा आणि बारात. जुलूस आणि शोभायात्रेला मोठ्या साहेबांची सही लागते आणि मोठे साहेब सुट्टीवर होते. धरन्यासाठी आमच्या मागण्या काय, हे लिहावं लागलं असतं. भंडाऱ्यासाठी कुठल्या देवाचा, ते. राहिली बारात. लग्नाचे दिवस असल्यामुळे बारातीची परवानगी हातोहात मिळत होती. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही मले शिकवलं, मी तुमचं नुकसान कसं होऊ देईन. आणि त्यानं बारातीसमोर खूण केली. मी क्षणभर विचार केला. बारात म्हणजे तरी काय, माणसं जमतात, चालतात, खातात आणि घरी जातात. मी सही केली. पाहुण्यांचा पत्ता म्हणून लॉजचं नाव लिहिलं. आयोजक म्हणून ‘रामटेके परिवार’.

मोतीलालनी तो कागद बराच वेळ वाचला. त्यातला मजकूर त्यांना पटला की नाही माहीत नाही, पण शिक्का पटला. त्यांनी त्याचा फोटो काढून सर्वांच्या माहितीसाठी ग्रुपवर टाकला.

इथे आमच्या मुलाबद्दल दोन शब्द सांगते. कुशल रायपूरला नोकरीला आहे, तिशी ओलांडली आहे आणि लग्न झालेलं नाही. याची काळजी मला आहे, पण वॉर्डाला माझ्याहून जास्त आहे. ‘बारात, रामटेके परिवार, रविवार संध्याकाळ’ हे वाचल्यावर वॉर्डानं सुटकेचा निःश्वास टाकला. लोक अभिनंदन करायला आले. मी म्हटलं, असं काही नाही. ते म्हणाले, समजलं, समजलं. मी जितकं नाही म्हणावं तितकं ते डोळे मिचकावून हसत. मुलीकडचे पुण्याचे आहेत, इथपर्यंत त्यांनी शोध लावला, कारण त्या रविवारी येणारे पाहुणे पुण्याचे आहेत हे मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी यांना म्हटलं, तुम्ही तरी काही सांगा लोकांना. यांनी सांगितलं असेलही. पण यांचं सांगणं म्हणजे शेवटच्या डब्यातून दाखवलेली झेंडी. पुढच्यांना ती दिसत नाही.

मला त्या वेळी अफवेपेक्षा मराठीची चिंता जास्त होती. पाहुण्यांचं आडनाव इनामदार, राहणार पुणे. म्हणजे भाषा अगदी छापील असणार. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, वाचन बऱ्यापैकी, त्यामुळे माझी मराठी वॉर्डात शुद्ध समजली जाते. रागावले की उडून जाते, ती गोष्ट वेगळी. पण बाकीच्यांचं काय? आमच्याकडे एक वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतं आणि मध्ये कुठे सांधा बदलला ते कळतही नाही. मी तुळसाबाईंना बसवून शिकवलं, की पाहुणे आले की म्हणायचं, ‘या, बसा, गरम आलुबोंडा घ्यावा.’ त्यांनी विचारलं, ‘घ्या वो’ म्हटलं तर बोंडा थंडा होते का. हेमराजनं मात्र मन लावून पाठ केलं. दिवसभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘आपण काय घेणार’ असं विचारत होता आणि त्याची नेहमीची गिऱ्हाइकं घाबरून दुसरीकडे चहा प्यायला गेली.

रविवारी संध्याकाळी छान थंडी पडली होती. विहार चौकात इनामदार आले. स्वतः इनामदार निवृत्त इंजिनीयर, मफलरवाले, त्यांची बायको, आणि नोकरी करणारी मुलगी. मी नमस्कार करून प्रास्ताविक सुरू केलं. वैनगंगेच्या खोऱ्यातील लोकजीवनापासून मी आरंभ केला होता. तिघंही हसतमुखानं ऐकत होते. जरा जास्तच हसतमुखानं. मी थांबले तेव्हा मुलीनं इंग्रजीत विचारलं, की मी कुठली भाषा बोलत आहे.

ते मूळचे विजापूरकडचे. पुण्यात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. घरात कन्नड, बाहेर इंग्रजी, आणि अडचणीत हिंदी. मी वेळ न घालवता हिंदीत वळले. पण माझी हिंदी शाळेतली. ‘अब हम इस क्षेत्र की खाद्य-परंपरा का अवलोकन करेंगे’ असं मी म्हटल्यावर इनामदारांनी काळजीनं बायकोकडे पाहिलं. तेवढ्यात तुळसाबाई कढईमागून ओरडल्या, "गरम है, आ जाओ, खा लो." ते तिघंही तात्काळ समजले आणि माझ्याकडे पाठ करून तिकडे गेले. माझी छापील मराठी आणि माझी शुद्ध हिंदी अशा दोन भाषा चौकात उभ्या राहिल्या आणि तुळसाबाईंची कुठलीच नसलेली भाषा बाजी मारून गेली. पुढची दहा मिनिटं त्याच बोलत होत्या. बोंड्यात काय घातलं, पीठ किती भिजवलं, शिवाय त्यांच्या जावयाचा स्वभाव. इनामदारबाईंनी तिसरा बोंडा घेतला.

मी इतिहासाची वाट बघत बाजूला उभी राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चौकात गर्दी वाढते आहे. लोक ठेवणीतले कपडे घालून येत होते. बायकांच्या केसात फुलं होती. करंजीवाली सून सासूला घेऊन आली होती. सगळे बारातीला आले होते.

आणि मोटरसायकलवरून दुलीचंद आला. दुलीचंद होमगार्डचा जवान, बंदोबस्तासाठी पाठवलेला. त्यानं कागद काढला, गर्दी बघितली आणि मला विचारलं, बारात कुठे आहे. मी त्याला समजावू लागले, की ही बारात नसून खाद्यसंस्कृतीचा अभ्यासदौरा आहे. संगणकात पाचच प्रकार होते, हेही सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. उद्धट मुळीच नव्हता, पण कागदाचा पक्का होता.

"मॅडम, कागज में बारात लिखी है," तो म्हणाला. "बारात है तो कोई बात नहीं. बारात नहीं है, तो इतने आदमी रोड पर क्यों खड़े हैं, ये मेरे को ऊपर लिखना पड़ेगा. जिस लॉज का नाम है, उनको भी पूछेंगे."

 श्रुतिकाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी मोतीलालकडे पाहिलं. ते कागदावरचा शिक्का पुन्हा तपासत होते. आणि नेमक्या त्याच वेळी चौकात एक जीप येऊन थांबली आणि तिच्यातून आमच्या नणंदबाई उतरल्या.

सत्यभामाबाई म्हणजे आमच्या यांची मोठी बहीण, कटंगीला असतात. त्यांच्यामागून दोन्ही सुना उतरल्या, आणि एक फुगलेली पिशवी. मोतीलालच्या मेहुण्याचं घर कटंगीलाच आहे. बातमी तिकडे कशी गेली असेल, हे विचारायची गरज पडली नाही. बाई सरळ माझ्यासमोर आल्या. रागावलेल्या असतील अशी माझी तयारी होती, पण त्यांचे डोळे भरलेले होते.

"कुशल माह्या मांडीवर वाढला," त्या म्हणाल्या. "त्याची बारात निघून राह्यली अन् मले लोकाइकडून समजते, संघमित्रा?"

मी सांगितलं, बाई, कुशलचं लग्न नाही. त्यांनी गर्दीकडे बोट दाखवलं, दुलीचंदकडे दाखवलं, मफलरवाल्या इनामदारांकडे दाखवलं आणि विचारलं, की मंग हे व्याही कोण होय. मी कुशलला फोन लावला. त्यानं उचलला नाही. बाई म्हणाल्या, नवरदेव कसा उचलीन फोन. इनामदारांना वाटलं आपली ओळख करून दिली जाते आहे. त्यांनी हात जोडून बाईंना नमस्कार केला. बाईंनी पदर सावरून तो घेतला. आता माझी छापील मराठी पूर्णपणे उडाली होती आणि मी एकाच वेळी दुलीचंदला हिंदीत, बाईंना घरच्या बोलीत आणि इनामदारांच्या मुलीला मोडक्या इंग्रजीत समजावत होते. तिघांनाही चुकीचं वाक्य जात होतं.

दुलीचंदला माझी दया आली असावी. "आप तो बस दूल्हा दिखा दो मॅडम," तो म्हणाला. "मैं देख के चला जाऊँगा."

सगळा चौक माझ्याकडे बघू लागला. कढईतलं तेल तेवढं वाजत होतं.

"मी आहो," मागून आवाज आला.

सगळे वळले. गर्दीच्या अगदी शेवटी हे उभे होते, माकडटोपी घालून, हातात टॉर्च. लोक बाजूला झाले आणि हे एकेकाला सरका म्हणत पुढे आले. यांना गर्दीच्या पुढच्या टोकाला आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"दूल्हा मैं हूँ," ते दुलीचंदला म्हणाले. "हमारा लगन सामूहिक मेले में हुआ था. एक मंडप और बहुत सारे जोड़े. बारात किसी की नहीं निकली. वो रह गयी थी, आज निकाल रहे हैं."

दुलीचंदनं यांना नीट न्याहाळलं. मग विचारलं, नवरी कोण.

"जो सबसे ज़्यादा समझा रही है, वो."

लोक हसले. मी रागावणार होते. पण यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, की हा माणूस वेळ मारून नेत नाहीये. आमचं लग्न भंडारा शहरातल्या मैदानात झालं. माईकवरून नावं पुकारली, आम्ही उठलो, हार घातले, त्रिसरण म्हटलं आणि पुढच्या जोडप्याला जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी यांची मँगनीजच्या मालगाडीवर ड्यूटी होती. मला त्या साधेपणाचा अभिमान होता, अजूनही आहे, मी त्यावर भाषणंही दिली आहेत. आपल्या नवऱ्याला एखादी बारात हवी होती का, हे विचारायचं मात्र भाषणांच्या नादात राहून गेलं. यांनीही सांगितलं नाही. सांगितलं ते आज, भर चौकात, होमगार्डच्या जवानाला.

"खरं आहे," सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या. "नागसेनची बारात पाह्याची राह्यलीच होती माही."

आणि त्यांनी पिशवी उघडली. कुशलच्या होणाऱ्या बायकोसाठी आणलेली पोपटी रंगाची, जरीच्या काठाची साडी त्यांनी माझ्या स्वेटरवरूनच अंगावर घातली. मी लग्नात पांढरी साडी नेसले होते. पोपटी रंग मी जन्मात वापरला नाही. मुख्याध्यापिका व्हायची इच्छा असलेल्या बाईनं वापरू नये असाच तो रंग आहे. फेटा कुशलसाठी आणलेला, तो यांच्या माकडटोपीवर बसला. टोपी काढायला हे तयार नव्हते, थंडी होती.

दुलीचंदचं समाधान झालं. फक्त बाजाशिवाय बारात बरी दिसत नाही, असं तो म्हणाला आणि त्यानं फोन केला. विहाराच्या मागे राहणारा त्याचा साडू ढोल घेऊन आला. आमची बारात निघाली.

इनामदार कुटुंबाला हे सगळं कार्यक्रमातच आहे असं वाटलं. मुलगी भराभर फोटो काढत होती. इनामदारबाईंनी माझा दंड धरला आणि करवलीसारख्या चालू लागल्या. इनामदार आमच्या यांच्याबरोबर पुढे. ज्या ज्या घरांना मी नम्रपणे नकार दिला होता, ती ती घरं आता ताट घेऊन दारात उभी होती. बारातीला कोणी नाही म्हणत नाही. करंज्या आल्या, मुरमुऱ्याचे लाडू आले, उकडलेले शिंगाडे आले. औषधाच्या दुकानवाल्यानं सगळ्या बारातकऱ्यांना ओव्या-जिऱ्याचं चूर्ण वाटलं आणि ते करंज्यांच्या खालोखाल संपलं. हेमराजनं मोहफुलांचा उकाळा दिला. इनामदारांनी वास घेतला, मोहाचं नाव ऐकलं, यांना डोळा मारला आणि दोन पेले घेतले. नशा नाही, असं हेमराज त्यांना सांगत होता. त्यांनी तेही हसून घेतलं आणि मफलर कमरेला बांधून असे नाचले, की दारूबंदी समितीच्या अध्यक्षेला पदराआड तोंड लपवावं लागलं.

माझं दुःख वेगळंच होतं. जुन्या रेल्वेच्या रस्त्यावरून जाताना मला बोलायचं होतं. इथून छोट्या रुळांची गाडी कशी जायची, मँगनीजमुळे गाव कसं बदललं, सगळं तयार होतं. मी तोंड उघडलं, तर सत्यभामाबाईंनी पदर ओढला आणि बजावलं, की नवरीनं बोलाचं नसते. मग तुळसाबाईंनीच पाहुण्यांना इतिहास सांगितला. तो पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत चूक होता. आणि इनामदारांची मुलगी तो फोनवर टिपून घेत होती. इतका अपमान माझा निवृत्तीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता, आणि त्या दिवशी माझ्या सत्काराचा नारळ दुसऱ्याच बाईंना दिला गेला होता.

तरीही, खरं सांगायचं तर, मला वाईट वाटत नव्हतं. ढोल वाजत होता. बायका माझ्यावर तांदूळ टाकत होत्या. यांचा फेटा टोपीवरून घसरत होता आणि हे तो एका हातानं धरून, ताठ मानेनं चालत होते.

घरी पोचलो तेव्हा पाहुण्यांपुरता केलेला स्वयंपाक अख्ख्या वॉर्डासमोर उभा राहिला. पण बाईंच्या सुनांनी पदर खोचले, तुळसाबाईंनी कढई आमच्या अंगणात आणून लावली, शेजारच्या घरांतून भाताची पातेली आली. इनामदारबाईंनी चिन्नोरचा भात हातावर घेऊन वास घेतला आणि नुसत्या कढीबरोबर दोनदा मागून खाल्ला. लाखोळीचे वडे कसे करतात, हे त्यांनी बाईंना विचारलं. त्या कन्नड वळणाच्या हिंदीत, बाई कटंगीच्या मराठीत. दोघींचं छान जमलं. दुलीचंदनं जेवून झाल्यावर हात पुसले आणि कागदावर लिहिलं, की बारात शांतिपूर्वक संपन्न. मोतीलालनी ते वाचून पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. कुशलचा फोन आला. आईबाबांच्या बारातीचा व्हिडिओ त्याला तीन मित्रांनी पाठवला होता आणि तो आपल्याला का कळवलं नाही म्हणून रुसला होता. बाईंनी फोन घेतला आणि त्याला इतकं सुनावलं, की तो पुढच्या महिन्यात मुलगी बघायला यायला तयार झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रुतिकाचा फोन आला. इनामदारांच्या मुलीनं लॉजच्या पानावर अभिप्राय लिहिला होता आणि पाचपैकी पाच तारे दिले होते. मॅनेजर खूश होता. पण त्याला एक गोष्ट समजली नव्हती, की दर फेरीला लग्न असतं का, आणि असल्यास पाहुण्यांना आधी सांगायचं की नाही. श्रुतिकानं अभिप्राय मला पाठवला. इंग्रजीत होता. हे ओट्यावर उन्हात बसले होते, त्यांना मी मराठीत वाचून दाखवला.

‘खाणं अप्रतिम. पेय फार कडक. मार्गदर्शक बाई फेरी सुरू झाल्यावर थोड्याच वेळात लग्नाला उभ्या राहिल्या, त्यामुळे पुढची माहिती एका आलुबोंडेवाल्या बाईंनी दिली, आणि ती फारच छान होती. नवरा-नवरी दोघंही खूश दिसले.’

आलुबोंडेवाल्या बाईंचं वाक्य मी गाळणार होते, पण वाचण्याच्या ओघात निघून गेलं. मी श्रुतिकाला सांगणार होते, की ‘पेय फार कडक’ हे तेवढं काढायला लाव, समितीच्या बायका वाचतील. यांनी मला थांबवलं.

"आखरीचं पुन्हा वाच."

मी वाचलं.

"दोघंही म्हणते?" त्यांनी विचारलं.

"दोघंही," मी म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले.